तुम्ही विचारलंत म्हणून: हे संगीत माशोचंच कशावरून?

ग्योम द माशोचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. चौदाव्या शतकातला फ्रेंच संगीतकार, ना रेकॉर्डिंग ना छापखाना. मग आज आपण ऐकतो ते त्याचंच आहे आणि त्याने असंच बांधलं होतं, हे कशावरून?

शंका रास्त आहे. त्याच्या आधीच्या रचनाकारांबद्दल इतक्या खात्रीने बोलता येत नाही. पॅरिसच्या नोत्र दामचे लेओनँ आणि पेरोतँ केवढे मोठे, पण त्यांची कामगिरी कळते ती मुख्यतः एका निनावी लेखकाच्या टिपणांतून. माशोचं तसं झालं नाही, कारण त्याने ते होऊ दिलं नाही. आपलं सगळं काम एकत्र राहावं, आपल्या नावावर राहावं, याची काळजी त्याने हयातीतच घेतली. मला त्याची ओढ लागली ती बरीचशी यामुळे.

जन्म साधारण १३०० सालचा, शांपेन प्रांतातला. बोहेमियाचा राजा, लक्झेंबर्गचा जॉन, याच्याकडे तो चिटणीस होता आणि राजाबरोबर युरोपभर हिंडला. हा राजा दृष्टी गेल्यावरही १३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत उतरला आणि तिथेच पडला. माशो १३३७ पासून रँसच्या कॅथीड्रलचा कॅनन, म्हणजे तिथल्या धर्ममंडळाचा सदस्य होता. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक व्हायचे ते हे कॅथीड्रल. उत्तरायुष्य त्याने याच गावात काढलं आणि १३७७ मध्ये तो गेला.

त्याच्या हस्तलिखितांपैकी एक मोठा ग्रंथ पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याच्या अनुक्रमणिकेवर लिहिलंय की ग. द माशोला आपल्या पुस्तकात हवा असलेला क्रम हा असा. या एका ओळीपाशी मी नेहमी थांबतो. कविता आधी, गाणी नंतर, हे ठरवणारा माणूस त्या ओळीत समोर उभा राहतो. ग्रंथालयाने हा ग्रंथ ऑनलाइन ठेवलाय, कुणालाही पानं उलटता येतात.

हे पुस्तक तयार कसं व्हायचं, तेही त्याच्याच लेखनात सापडतं. ‘व्वार दी’ या साधारण १३६३ ते १३६५ दरम्यानच्या दीर्घकाव्यात वयस्कर कवी आणि त्याची तरुण चाहती यांची पत्रं गुंफलेली आहेत. ती खरी की रचलेली, यावर अभ्यासकांचा वाद चालूच आहे. पण एका पत्रात तो म्हणतो, पुस्तक तुला पाठवलं असतं, पण त्याचे सध्या विसाहून जास्त तुकडे झालेत. एका सरदारासाठी ते करवून घेतोय, त्यात स्वरलिपी भरायचीय, म्हणून सुटं ठेवावं लागतं. असा तपशील हस्तलिखितं तयार होतात त्या कारखान्यात रोज जाणाऱ्यालाच सुचतो.

आता त्याने असंच बांधलं होतं का, याविषयी. त्याच्या ‘मेस द नोत्र दाम’ या चार आवाजांच्या मासची, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठीच्या संगीताची, सुरुवात ऐका. चर्चमधली एक जुनी धून खालच्या टेनर आवाजाला दिलीय. पहिल्या क्यिरीत, म्हणजे ‘प्रभू, दया कर’ या सुरुवातीच्या प्रार्थनेत, तिचे २८ स्वर आहेत. चार स्वरांचा एकच लयबंध सात वेळा येतो आणि त्यात ती बसते. पहिल्यांदा ऐकताना हे कळत नाही, कळायची गरजही नाही, पण वरचे आवाज कितीही फिरले तरी खालून आधार जाणवत राहतो. याआधीचे मास वेगवेगळ्या हातांच्या रचना एकत्र करून झालेले. सगळे मुख्य भाग एकाच ज्ञात रचनाकाराने बांधल्याचं सर्वांत जुनं उदाहरण हेच. त्याच्या एका रोंदोत (हा त्या काळचा एक फ्रेंच गीतप्रकार) तर एक आवाज दुसऱ्याचीच ओळ शेवटाकडून गातो, आणि तिसरा अर्ध्यावर पोचून आल्या वाटेने परततो. यातला एक स्वर हलवला तरी इमारत कोसळते. अशी गोष्ट अपघाताने होत नाही, लिहूनच होते.

याच माणसाने लिहिलेलं सगळंच मला पटतं असं नाही. १३४९ च्या प्लेगचं त्याने केलेलं वर्णन अंगावर काटा आणणारं आहे, पण त्यातच ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची त्या काळची खोटी आवई तो खरी म्हणून सांगतो. त्या आवईपायी हजारो माणसं मारली गेली. त्याचं संगीत आवडतं म्हणून ही पानं मी लपवत नाही.

‘व्वार दी’मधल्या दुसऱ्या एका पत्रात तो आपलं एक गीत पाठवतो. मनासारखं इतकं चांगलं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, असं सांगतो आणि विनवतो, की हे आहे तसंच शिक, काही घालू नकोस, काही काढू नकोस. आणि तिथेच हेही म्हणतो, की ऑर्गनवर, बॅगपाइपवर किंवा इतर वाद्यांवर ते वाजवता येईल. म्हणजे सूर त्याचे, वाद्य तुमचं. म्हणून आज कुणी त्याची गाणी वाद्यांसह सादर करतं, कुणी नुसत्या गळ्यांनी. मास मला नुसत्या चार आवाजांतच ऐकायला आवडतो, तेही सावकाश गाणाऱ्यांकडून. त्याच्या ‘दूस दाम जोली’ या गाण्याला मात्र डफासारखं चर्मवाद्य साथीला असलं तर उत्तम.