घरचा नोड: सिंक संपलं, आता चॅनेलची डोकेदुखी

बिटकॉइनची सगळी व्यवहारनोंद घरच्या यंत्रावर (म्हणजे नोडवर) उतरवून तपासणाऱ्या बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरचं सिंक एकदाचं पूर्ण झालं. यंत्र म्हणजे रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक, ८ जीबी रॅम, २ टीबी एसएसडी. पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर. २००९ ते २०१२ चे ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) झरझर गेले, २०१७ च्या पुढे मात्र गोगलगाय. डाउनलोडला फारसा वेळ लागत नव्हता, खरा वेळ खाल्ला तो न खर्चलेल्या नाण्यांची यादी डिस्कवर सतत शोधण्यात. डीबीकॅश (त्या यादीसाठी राखलेली रॅम) वाढवल्यावर फरक लगेच दिसला. हार्ड डिस्कवर हे करायच्या भानगडीत कुणी पडू नका.

पट्टी सरकत असताना एक हिशेब मांडला. ब्लॉक साधारण पावणेदोन एमबीचा धरला, तर दिवसाला १४४ ब्लॉक म्हणजे रोज २५० एमबी, वर्षाला ९० जीबी. बिटकॉइन कॅश या नाण्याने ऑगस्ट २०१७ मध्ये वेगळी चूल मांडली तेव्हा ब्लॉकची मर्यादा ८ एमबी केली, मे २०१८ मध्ये ३२. तसे ३२ एमबीचे ब्लॉक खरोखर भरू लागले तर वर्षाला जवळपास १.७ टीबी. (भरत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) म्हणजे माझी ही डिस्क सव्वा वर्षात संपली असती. ब्लॉक लहानच ठेवा म्हणणाऱ्यांचा हट्ट मला पूर्वी आडमुठेपणा वाटायचा. पण प्रत्येक व्यवहार घरच्या यंत्रावर स्वतः तपासता यावा असं वाटत असेल, तर त्याची किंमत हीच: सेकंदाला जेमतेम सात व्यवहार.

म्हणून लाइटनिंग: साखळीवर (बिटकॉइनच्या मूळ नोंदवहीत) रक्कम अडकवून दोघांत चॅनेल उघडायचं, पुढचे व्यवहार त्यातच करायचे. त्यासाठी एलएनडी हे सॉफ्टवेअर बसवलं आणि एका मोठ्या नोडशी पहिलं चॅनेल उघडलं. पैसे लगेच जायला लागले, फी नगण्य. येत मात्र काहीच नाही! कारण सगळे सॅट (बिटकॉइनचे सूक्ष्म भाग) माझ्या बाजूला. मणीपाटीच्या तारेवरचे सगळे मणी एकाच टोकाला असावेत तसं. समोरून काही यायचं तर आधी काही मणी पलीकडे सरकायला हवेत. थोडा खर्च केला, थोडे सॅट स्वॅप करून (लाइटनिंगवर देऊन) साखळीवर काढले, तेव्हा कुठे घ्यायची सोय झाली.

या आकड्यांमध्ये खोल गेलं की कळतं, साखळीवरची गर्दी लाइटनिंगनेही पूर्ण टळत नाही. चॅनेल उघडायला एक व्यवहार, बंद करायला दुसरा. सेकंदाला सात म्हणजे दिवसाला सहा लाख. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या ११.२४ कोटी लोकांना प्रत्येकी एकच चॅनेल द्यायचं म्हटलं, तरी बाकी जगाने सहा महिने गप्प बसावं लागेल. लाइटनिंगची कल्पना मांडणाऱ्या पून आणि ड्रायजा यांनी २०१६ च्या मसुद्यात हे लपवलेलं नाही: ७ अब्ज लोकांना वर्षाला दोन चॅनेल द्यायची तर १३३ एमबीचे ब्लॉक लागतील, असं त्यांनीच लिहिलंय.

आता राउटिंगचं, म्हणजे थेट चॅनेल नसेल तिथे इतरांच्या चॅनेलांतून पैसे पोचवण्याचं. छोट्या रकमा बिनबोभाट जातात, रक्कम वाढली की वाटेतलं एखादं चॅनेल कमी पडतं आणि पेमेंट फसतं. मग आपण काय करतो? भरपूर लिक्विडिटीवाल्या (चॅनेलांत पुष्कळ सॅट असलेल्या) नोडला जोडून घेतो. माझ्या यादीत बहुतेक तेच आहेत, तुमच्याही असतील. ब्लॉक लहान ठेवून जे विकेंद्रीकरण वाचवलं, ते वरच्या मजल्यावर थोडं थोडं गळतंय, असं माझं आजचं मत.

शिवाय नोड सतत जागा लागतो. समोरच्याने चॅनेलची जुनी स्थिती (त्याच्या फायद्याची आधीची शिल्लक) साखळीवर टाकली तर मुदतीच्या आत पकडायला हवी. ब्रॉडबँडवर स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही, म्हणून टॉर हे आडवाटेने जोडणारं नेटवर्क; त्यामुळे पेमेंट थोडं रेंगाळतं. लाइट जास्त वेळ गेली तर वॉचटॉवर, म्हणजे माझ्या वतीने पाळत ठेवणारा दुसरा नोड आहे. अनेकजण कंटाळून नोड भाड्याच्या सर्व्हरवर नेतात, किंवा दुसऱ्याच्या ताब्यातलं वॉलेट वापरतात. सोय शंभर टक्के, पण मग किल्ली कुणाकडे? आपल्याकडे तर यूपीआय असताना आणि क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर असताना चहाचे पैसे असे द्यायचं कुणाला कारणच नाही. हा शुद्ध छंद आहे, घरी हेच सांगितलंय.

पुढचं काम: मोठा नोड मध्ये न घालता नाशिकच्या मित्राच्या पायशी थेट चॅनेल, दोन्हीकडून सॅट घालून (यालाच ड्युअल फंडिंग म्हणतात). त्यासाठी एलएनडी सोडून कोअर लाइटनिंग या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जावं लागेलसं दिसतंय. कुणी ड्युअल फंडिंग पायवर चालवलं असेल तर सेटिंग टाका, विशेषतः रॅम किती खातं ते.