कोह्वांको: एका कुळाचं आडनाव

फिलिपिन्समध्ये गार्सिया, रेयेस, क्रूझ पावलोपावली भेटतात. स्पॅनिश राजवटीतले गव्हर्नर क्लावेरिया यांनी १८४९ मध्ये आडनावांची यादीच काढली आणि गावोगावी ती वाटली गेली. कोह्वांको (Cojuangco) मात्र त्या वाटपातलं नाही. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या फुजियानमधून आलेल्या को यू ह्वान यांच्या नावाचंच ते आडनाव झालं. शेवटचा 'को' म्हणजे फुजियानच्या होक्कियन बोलीतला थोरल्या भावाचा मान, आपल्या 'दादा'सारखा. एकाच माणसापासून सुरू झाल्यामुळे हे आडनाव दुर्मीळ राहिलं. तारलाक प्रांतातल्या या घराण्यातल्या कोराझोन आकिनो १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि ते जगभर पोचलं. १९८८ मध्ये त्या फुजियानमधल्या पूर्वजांच्या गावीही जाऊन आल्या. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते.

अशी आडनावं शोधताना शेवटच्या 'को'वर विसंबू नका. तिओंको, युचेंको चिनी. वेलास्को, फ्रान्सिस्को स्पॅनिश. आधी 'को' काढा, उरलेलं चिनी कुलनावाने सुरू होतं का पाहा. स्पॅनिश स्पेलिंगमधला 'जे' (j) इथे 'ह' वाचायचा, नाहीतर मूळ नाव सापडतच नाही. मधलं नावही तपासा, कारण तिथे आईचं माहेरचं आडनाव असतं. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव घेतलं तर बाईचं स्वतःचं माहेरचं आडनाव तिथे सरकतं.