जयगड ते हर्णे: खांबावरची चरचर

मालगुंड सोडून जयगडच्या रस्त्याला लागायचं ते उजाडायच्या आत. डिसेंबरातल्या पहाटे दंव पडलेलं असतं आणि समुद्राकडच्या लाइनचे इन्सुलेटर चक्क बोलत असतात. गाडी बंद करून ऐकलं की चरचर येते, अंधार असेल तर निळसर ठिणग्याही दिसतात. पावसाळा सरल्यापासून वाऱ्याने आणलेलं मीठ त्या चिनीमातीवर साचलेलं असतं. कोरडं मीठ निरुपद्रवी, आणि मुसळधार पाऊस तर ते धुऊनच टाकतो. घात करतं ते दंव. मीठ भिजतं, पृष्ठभागावरून प्रवाह झिरपतो, त्याच्या उष्णतेने मधले पट्टे सुकतात आणि सगळं व्होल्टेज त्या सुकल्या पट्ट्यांवर येऊन ठिणगी उडते. ठिणग्या एकमेकींना मिळाल्या की फीडर ट्रिप, म्हणजे त्या भागाची लाइन आपोआप बंद.

आमचं काम संलयन (हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणं) संशोधनातल्या आयन स्रोतांच्या, म्हणजे विद्युतभारित अणू तयार करणाऱ्या यंत्रांच्या, वीजपुरवठ्याचं. हायड्रोजनचे आयन ओढून काढायचे, वेग द्यायचा, उदासीन करून प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त आयनित वायूत, सोडायचे. इटलीत पाडोव्यातला स्पायडर हा स्रोत १०० किलोव्होल्टसाठी बांधलाय, शेजारचा मिटिका १० लाख व्होल्टसाठी. आयन ओढणाऱ्या धातूच्या जाळ्यांमध्ये आर्क, म्हणजे विजेची मोठी ठिणगी, होणारच, हे इथे धरूनच चालायचं असतं. जाळ्या नव्या असताना तर व्होल्टेज पायरीपायरीने चढवताना आर्कमागून आर्क होतात. आर्क म्हणजे बिघाड नव्हे. आर्कनंतर पुरवठा सावरला नाही, तर तो बिघाड.

जयगडच्या १२०० मेगावॅट प्रकल्पाचं धुराडं मागे टाकून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडली की तवसाळ. लाइनवरचा रिक्लोजर, म्हणजे तुटलेली लाइन आपोआप पुन्हा जोडणारा स्विच, नेमकं हेच सावरायचं काम करतो: तोड, थांब, जोड, ठरावीक वेळा जमलं नाही तर कुलूप. आयन स्रोताचा पुरवठाही तसाच, फक्त घाई भलतीच. तोडायचं ते १०० मायक्रोसेकंदांच्या आत, आणि काही मिलिसेकंदांनी व्होल्टेज पुन्हा चढवायचं तेही हळूहळू, एकदम नाही. एकदम दिलं की तापलेल्या जागी दुसरा आर्क ठेवलेलाच.

पण स्विच उघडला तरी केबलमध्ये साठलेली ऊर्जा जाळीवर ओतली जातेच, आणि हिशेब इथेच चुकतो. कोअॅक्सियल केबलची धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. १० मीटर म्हणजे १ नॅनोफॅरड. १०० किलोव्होल्टला ५ ज्यूल. ५० मीटर केली की २५. जाळीला सोसायचे असतात दहाएक. म्हणून पुरवठा शक्य तितका जवळ, आणि वाटेत चुंबकीय गाभ्याचा स्नबर नावाचा भाग, जो ती ऊर्जा स्वतःत जिरवतो. जागा नाही म्हणून पुरवठा शेजारच्या इमारतीत ठेवला, की पुढे जाळ्या बदलत बसायचं.

हेदवी, वेळणेश्वरचा सडा म्हणजे निव्वळ जांभा. उन्हाळ्यात तो सुकला की अर्थिंगचे ओहम चढतात. मग खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी ओततात. ५० हर्ट्झला हे चालतं. आर्कला नाही. एक मीटर साध्या तारेचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, साधारण १ मायक्रोहेन्री असतं. मायक्रोसेकंदात हजार अँपिअर चढले तर त्या मीटरभर तारेवर हजार व्होल्ट उभे राहतात, खड्ड्यात कितीही मीठ घाला. तेवढ्याने थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारांची) कार्डं मरतात. तार काढा, रुंद तांब्याची पट्टी घाला, परतीची वाट एकच आणि आखूड ठेवा, सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून न्या.

गुहागरहून धोपाव्याला येईपर्यंत अंगाला घाम चिकटतो. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५ अंश. कॅबिनेटमध्ये २० अंशांचं थंडगार पाणी फिरवलंत तर नळ्यांना दंव आलंच समजा, आणि मग खांबावरची ती चरचर कॅबिनेटच्या आत. पाणी दवबिंदूच्या वर ठेवा. शिवाय शुद्ध ठेवा: सेंटिमीटरला १ मायक्रोसीमेन्स वाहकतेच्या पाण्याने भरलेली १० मीटर लांब, १६ मिमी पोकळीची नळी १०० किलोव्होल्टला ०.२ मिलिअँपिअर गळवते. १० मायक्रोसीमेन्सला २. एवढ्यानेही तोंडाकडचं धातूचं कपलिंग हळूहळू कुरतडलं जातं.

पुरवठ्यातल्या मोड्यूलचं सांगायचं तर, एकेक किलोव्होल्टचे शंभर ओळीने जोडून वर चारपाच जास्तीचे ठेवले की एखादा मेला तरी बायपास होऊन बीम, म्हणजे आयनांचा झोत, चालू राहतो. खरी खोड काढतात ती किरकोळ मंडळी: पंखा, फ्लो स्विच, फायबरचं टोक, कंट्रोल कार्डाचा छोटा पुरवठा. सुट्या भागांची यादी तिथून सुरू करावी.

दाभोळची फेरी उतरून हर्ण्यापर्यंत जुन्या घरांत अजून किटकॅट फ्यूज दिसतात, आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार बांधणारेही. आमच्याकडे उलट परीक्षा. पुरवठ्याच्या दोन टोकांमध्ये एक उघडा स्विच आणि त्याला जोडून ०.२ मिमी जाडीची, पाचेक सेंटिमीटर तांब्याची तार बांधायची. ती वितळायला साधारण दहा ज्यूल लागतात, जाळीला सोसतात तेवढेच. पूर्ण व्होल्टेजला स्विच लावून शॉर्ट करायचं, पुरवठा तुटला की दार उघडायचं, अर्थिंगची काठी लावायची आणि तार बघायची. शाबूत असेल तर पुढच्या शॉटला तीच तार.