मेपलडरमची पाणचक्की

रविवार, संध्याकाळ

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमधलं मेपलडरम, थेम्स नदीच्या काठी. इथल्या चक्कीची नोंद 1086 च्या 'डूम्सडे' मोजणीत, म्हणजे इंग्लंडमधल्या जमीन-मालमत्तेच्या मोजणीत आहे, आणि थेम्सवर पाण्याच्या जोरावर धान्य दळणारी आता हीच एक उरली आहे.

ज्यानं घरचं जातं पाहिलंय त्याला आतलं काहीच परकं वाटणार नाही. खालची दगडी तळी स्थिर, वरची फिरती, मधल्या तोंडात वैरण, म्हणजे दळायचं धान्य. इंग्लंडच्या अशा चक्क्यांत तळी साधारण चार फूट रुंद, वजन टनाच्या आसपास, आणि वेग मिनिटाला सव्वाशे फेऱ्यांपर्यंत. बाहेरचं चाक मात्र संथ. हा वेग वाढवतात ती दातेरी चाकं. लोखंडी चाकाशी लाकडी दाते भिडवतात. काही अडकलं तर दाता मोडतो, चाक वाचतं. शिवाय एका चाकाला मुद्दाम एक दाता जास्तीचा, म्हणजे त्याच दोन दात्यांची गाठ दर फेरीला पडत नाही आणि झीज सगळीकडे सारखी होते.

सगळ्यात सुंदर योजना वैरणीची. वरच्या पेटीतून गहू एका उतरत्या पन्हळीत येतो. तळीबरोबर फिरणारा चौकोनी दांडा त्या पन्हळीला ठोके देतो. पाण्याचा जोर वाढला की ठोके वाढतात, वैरणही वाढते. जोर कमी झाला की कमी. जात्यावर हे काम बाईची मूठ करते, इथे दांडा.

खरं कौशल्य दोन तळ्यांमधल्या फटीत आहे. तोंडाशी फट जरा मोकळी, कडेला कागदाइतकी बारीक. फार आवळली की पीठ तापतं, करपट वास येतो. सैल सोडली की भरड पडते. म्हणून चक्कीवाला पडतं पीठ सारखं अंगठा आणि बोटात चोळून पाहतो. वैरण संपली तर दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात, आणि पिठाची धूळ पेट घेते. त्यासाठी पेटीत धान्याखाली दाबलेला चामड्याचा पट्टा असतो. धान्य उतरलं की तो सैल होतो आणि घंटा वाजते.

दगडाच्या चऱ्या बोथटल्या की टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं त्या पुन्हा कोरायच्या. त्यासाठी वरची तळी उचलून उलटी करावी लागते, हेच जोखमीचं काम.

पूर आला की चक्की थांबते! चाकापलीकडचं पाणी चढतं, दोन बाजूंच्या पातळीतला फरकच उरत नाही, आणि पाती साचल्या पाण्यात अडकतात.

दगडी चक्कीवर सबंध दळलेल्या पिठात गव्हाच्या अंकुराचं तेल राहतं, म्हणून ते लवकर खवट होतं. थोडंच घ्यावं, फ्रिजमध्ये ठेवावं. पोळ्यांसाठी जाड कोंडा चाळून काढावा, पाणी थोडं जास्त घालावं आणि कणीक अर्धा तास मुरू द्यावी.