ओहायोतलं हरीण आणि आजोबांची तीनशे पंधरा

गणपतीच्या आधीचा रविवार, मिसळ हाणून घरी आलो आणि जरा आडवा होणार तेवढ्यात मावसभावाचा व्हॉट्सॲप कॉल. सिन्नरचं पोरगं, आता ओहायोत कोलंबसला असतं, ऑफिसातल्या गोऱ्यांच्या नादी लागून शिकारीचा कोर्स पास होऊन बसलंय. "दादा, हरणाला कुठलं कॅलिबर घेऊ? इथं सगळे म्हणतात थर्टी ओ सिक्स घे, जन्मभर बघायला नको." (कॅलिबर म्हणजे गोळीच्या जाडीचं माप; .३१५, .२४३, थर्टी ओ सिक्स ही सगळी रायफलच्या काडतुसांची नावं.) मावशी आमची माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि हे चिरंजीव बंदूक घ्यायला निघाले. मला विचारायचं कारण एवढंच की मी नेमबाजीच्या रेंजवर .२२ रायफल चालवतो आणि आजोबांची .३१५ रायफल आमच्या घरात होती.

आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी भडकायचं. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा विषय बंद आहे. येवल्याकडं ममदापूरला काळवीट बघायचे ते डोळ्यांनी नाहीतर कॅमेऱ्यानी, बंदूक काढली तर सरळ तीन ते सात वर्षं आत. त्यामुळं हे सगळं तिकडचं तिकडं.

तर आजोबांची .३१५. इंग्रजांनी लष्कराची थ्री नॉट थ्री सामान्य माणसाच्या हातात द्यायची नाही असं ठरवलं, मग ईशापूरच्या कारखान्यात तशाच धाटणीची पण वेगळ्या गोळीची रायफल निघाली, ती ही. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, बाकी वर्षभर कपाटावर गोणपाटात. एकदा आजोबांनी मळ्यामागच्या नाल्यात मातीच्या दरडीवर पत्र्याचा डबा ठेवून मला ती चालवायला दिली. दस्त्याला रबर नाही, काही नाही. पहिली गोळी डब्याच्या कडेला लागली, मी खूश. पण खांद्यात अशी लाथ बसली होती की दुसऱ्या वेळेला चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटले, आणि गोळी डब्याच्या हातभर खाली मातीत. आजोबा एवढंच म्हणाले, "बंदूक नाही चुकली, तू दचकलास." खांदा चार दिवस काळानिळा होता, शर्ट घालताना आई गं व्हायचं.

भावाला मी हेच सांगत बसलो. हरणाच्या पुढच्या पायामागं काळीज आणि फुप्फुसं असतात, ती जागा साधारण आठ इंचांची, वीतभरच. तिथं .२४३ ची १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) छोटी गोळी बसली तरी हरीण दोन-चार उड्यांत पडतं, आणि थर्टी ओ सिक्स पोटात बसली तर ते बिचारं रात्रभर झाडीत तडफडत फिरणार आणि तू टॉर्च घेऊन मागं. थर्टी ओ सिक्स वाईट नाही हो, १९०६ पासून चालतीये उगाच नाही, पण तिचा धक्का .२४३ च्या जवळपास दुप्पट आणि या पठ्ठ्यानं आयुष्यात दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडं काही उडवलेलं नाही. मधला रस्ता म्हणून ६.५ क्रीडमोर नाहीतर .३०८ बघ म्हटलं, दोन्हीच्या गोळ्या तिकडं कुठंही मिळतात.

एवढं अर्धा तास ज्ञान पाजळून झालं आणि मग सहज ओहायोचे नियम उघडले तर काय, यातली एकही चालत नाही! तिकडं हरणासाठी रायफल वापरायची तर काडतुसाची पितळी केस, म्हणजे दारू भरायची पुंगळी, सरळ भिंतीची पाहिजे आणि कॅलिबर .३५७ ते .५० मधलं. .३०८, .२४३, क्रीडमोर या सगळ्यांना बाटलीसारखा गळा असतो, खाली भरपूर दारू आणि वर बारीक गोळी, म्हणून ती जोरात आणि लांब जाते. सपाट मक्याच्या रानात, मधेमधे घरं असताना, लांब जाणारी गोळी नको, असा हिशोब.

मग उरलं काय, तर .३५० लेजंड आणि .४५० बुशमास्टर, तशी जुनी .४५-७० पण आहे. बुशमास्टरचा धक्का थर्टी ओ सिक्सच्या तोडीचा, म्हणजे परत आजोबांचा नाला. लेजंड विंचेस्टरनी २०१९ ला काढली, नाव .३५० असलं तरी नियमात बसते, १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २३०० फुटांच्या थोडी वर निघते, .३०८ ची तेवढीच गोळी २८०० च्या वर. फरक पडतो तो लांबवर. १०० यार्डांवर झीरो केली, म्हणजे तिथं नेम धरला तिथंच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवली, तर २०० यार्डांवर लेजंड जवळजवळ वीतभर खाली येते, म्हणजे अख्खी मोक्याची जागाच हुकली. म्हणून त्याला बजावलं, दीडशेच्या पुढं हात लावायचा नाही. आणि गोळी सॉफ्ट पॉइंटच घ्यायची, जी आत जाऊन फुलते. रेंजवरची स्वस्त फुल मेटल जॅकेट सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं.

शिवाय एक खेळ सांगितला, आम्ही रेंजवर नवीन पोरांशी खेळतो. मित्राला लोड करायला द्यायचं, त्यानं मधेच एखादं डमी काडतूस घालायचं, तुला कळू द्यायचं नाही. डमीला नुसतं टक् होतं आणि नळी खाली झुकताना सगळ्यांना दिसते. पहिल्या दिवशी दहातल्या सहा वेळा झुकली म्हणाला, .३५० ला!

दिवाळीत फोटो आला, १०० यार्डांचा कागद, तीन भोकं, वर एक चहाचा कप ठेवला तर झाकली जातील एवढ्यात. भगवी जॅकेट आणलीये, परमिट काढलंय, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारपासून सीझन. मावशीनं फराळाचं पार्सल पाठवलंय आणि तिला अजून वाटतंय की पोरगं तिकडं थंडीत वॉकिंगला जातं.