पद्मिनीच्या रेडिएटरवरचा काळा रंग

रत्नागिरीत आमचे घर समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजूनही अंगणातल्या शेडमध्ये उभी असते. खाऱ्या हवेने तिच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरवर हिरवा थर चढू लागला होता. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, त्याच जातीचा हा प्रकार. तो थांबावा म्हणून मी रेडिएटर रंगवून घेतला. ज्याच्याकडे काम दिले त्याने ब्रशने काळ्या ऑइल पेंटचे दोन जाड हात दिले, आणि मीही समोर उभा असून त्याला अडवले नाही, कारण काळा रंग उष्णता चांगली बाहेर टाकतो हे शाळेत शिकलेले वाक्य माझ्या डोक्यात होते.

त्यानंतर मे महिन्यात कशेडी घाटाच्या जुन्या रस्त्याने चढताना तापमानाचा काटा, जो पूर्वी मध्यावर असे, तो लाल पट्ट्याला टेकला. पाणी पुरेसे होते, पंख्याचा पट्टा ताणलेला होता, थर्मोस्टॅटही (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) व्यवस्थित उघडत होता. तेव्हा घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन रंगाचा हिशेब मांडला.

शाळेतले ते वाक्य चुकीचे नाही, पण ते प्रारणाबद्दल (रेडिएशन, म्हणजे लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी उष्णता) आहे आणि मोटारीचा रेडिएटर, त्याचे नाव काहीही असले तरी, प्रारणावर चालत नाही. त्याच्या जाळीतून वाहणारी हवा उष्णता उचलून नेते. ९० अंश सेल्सिअसचा पृष्ठभाग ४० अंशांच्या परिसराकडे प्रारणाने दर चौरस मीटरला फार तर ४०० वॅटच्या आसपास उष्णता टाकू शकतो. आतल्या पाकळ्या, म्हणजे जाळीतल्या धातूच्या पातळ पट्ट्या, एकमेकींकडेच तोंड करून असतात, मागची बाजू तापलेल्या इंजिनाकडे असते, त्यामुळे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती फक्त समोरची बाजू, म्हणजे ०.२ चौरस मीटर. हे झाले ८० वॅट. याउलट १०८९ सीसीचे इंजिन घाट चढताना पाण्यात जी उष्णता सोडते ती १५ ते २० किलोवॅटच्या घरात जाते, म्हणजे प्रारणाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. शिवाय डोळ्यांना दिसणारा रंग आणि उष्णतेच्या लहरींपुरता रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या तापमानाला साधा पांढरा रंगही काळ्याइतकीच उष्णता उत्सर्जित करतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे रेडिएटर पांढरे आहेत ते याच कारणाने: तिथे हवा नसल्यामुळे प्रारण हाच एकमेव मार्ग उरतो आणि पांढरा रंग सूर्यप्रकाश परतवूनही आतली उष्णता बाहेर सोडत राहतो.

मग रंगाच्या थराने उष्णता अडते का? अडते, पण किती, हे जाडीवर ठरते. रंगाची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनला सुमारे ०.२ वॅट, तर तांब्याची सुमारे ४००. हे आकडे शेजारी ठेवले की छातीत धस्स होते. मात्र उष्णतेच्या वाटेत सर्वांत मोठा अडथळा धातूचा नसतोच, तो पाकळीला चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थराचा असतो. तो जर ८० वॅट प्रति चौरस मीटर-केल्व्हिन या गतीने उष्णता घेत असेल, तर त्याच्यापुढे २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंगाचा अडथळा फक्त १ टक्का भरतो. तोच रंग १५० मायक्रॉन झाला की ६ टक्के. एवढ्यावर माझे समाधान झाले नाही, कारण ६ टक्क्यांनी काटा लाल पट्ट्यापर्यंत जावा असे वाटेना.

खरा घोटाळा हवेच्या वाटेत होता. माझ्या रेडिएटरमध्ये दोन पाकळ्यांमधली फट साधारण दीड मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंना १५० मायक्रॉन रंग बसला की ती १.२ मिलिमीटर उरते, आणि अशा अरुंद फटीतून शांतपणे वाहणाऱ्या हवेचा विरोध फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे तेवढीच हवा ढकलायला जवळजवळ दुप्पट दाब लागतो. घाटात गाडी सावकाश चढते, समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंखा तो जादा दाब कुठून आणणार? त्यातही ब्रशने दिलेला रंग सारखा बसत नाही. कितीतरी ठिकाणी त्याचे थेंब साचून फटी पूर्ण बुजल्या होत्या. विजेरी मागे धरून पाहिले तेव्हा जाळीच्या खालच्या भागातून उजेडच येत नव्हता. नव्या गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांवर तर हवा घुसळण्यासाठी बारीक तिरप्या चिरा कापलेल्या असतात. त्या रंगाने भरल्या तर नुकसान याहून जास्त होईल.

शेवटी रेडिएटर उतरवून एका जुन्या कारागिराकडे नेला. त्यांनी डाख (सोल्डरचा जोड) सोडवून वरची टाकी काढली. आतल्या नळ्या स्वच्छ निघाल्या, त्यामुळे संशय रंगावरच पक्का झाला. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून रंग काढला आणि टाकीला पुन्हा डाख दिला. (ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला हा उपाय चुकूनही करू नये, कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो.) नंतर मी स्वतः दोन्ही टाक्यांना आणि बाजूच्या पट्ट्यांना नीट रंग दिला, कारण तिथून हवा जात नाही आणि खारी हवा डाखाच्या सांध्यांना लागू न देणे महत्त्वाचे आहे. जाळीवर मात्र उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाची फक्त एक विरळ फवारणी, समोरून सरळ, धातू जेमतेम झाकेल इतकी. वाकलेल्या पाकळ्या चिमट्याने सरळ केल्या, त्यालाच एक अख्खी दुपार गेली.

ॲल्युमिनियमच्या रेडिएटरवर गंजाची खूण नसेल तर मी त्याला हातही लावणार नाही. त्यापेक्षा पावसाळा संपल्यावर इंजिनाच्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारून जाळीतला चिखल आणि किडे काढावेत. तीव्र धारेने पाकळ्या वाकतात आणि वाकलेली पाकळी जाड रंगासारखीच हवा अडवते.

पुढच्या मे महिन्यात त्याच घाटातून, त्याच सुमारास, चार माणसे आणि आंब्याच्या पेट्या घेऊन गेलो. काटा मध्यावरून थोडा वर सरकला आणि पोलादपूरला उतरेपर्यंत परत जागेवर आला.