डिझेल सेडान की इलेक्ट्रिक: पिकअपचं गणित

डिझेलवाले टॉर्कचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोराचा, आकडा तोंडावर फेकतात, पण आकडा एकटा काही सांगत नाही. बीएमडब्ल्यूचीच जोडी घ्या ना, डिझेल ३२०डी मध्ये ४०० एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्कचं माप), इलेक्ट्रिक आय४ ईड्राइव्ह४० मध्ये ४३०, म्हणजे जवळपास सारखंच, वर आय४ चं वजन दोन टनांच्या पुढे, तरी ताशी ० ते १०० किमीला ती ५.७ सेकंद घेते आणि ३२०डी ७ च्या आसपास. का? एकतर डिझेलचे ४०० एनएम साधारण १७५० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) येतात, त्याआधी टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, फिरायला लागायची वाट बघायची, मग जरा कुठे जोर आला की ४००० च्या पुढे दम संपतो, की परत गिअर बदला. इलेक्ट्रिक मोटरला शून्यापासूनच पूर्ण टॉर्क, गिअर एकच, आणि वरच्या आरपीएमलाही ती ओढत राहते, म्हणून पॉवर (टॉर्क आणि आरपीएमचा गुणाकारच तो) १९० च्या जागी ३४० हॉर्सपॉवर. सगळा खेळ इथेच आहे खरंतर.

हायवेला १२०-१३० च्या पुढे मात्र इलेक्ट्रिकचा तो पाठीत बसणारा धक्का बराच ओसरतो, आणि बॅटरी उतरलेली किंवा फार थंड असेल तर पॉवरही कमी मिळते, डिझेलला टाकी अर्धी का भरलेली काही फरक नाही. पण सिग्नलवरून सुटताना? विषयच नाही.